नववी मावशी

माईक लॅपटॉपला जोडायच्या नव्या ऑडिओ इंटरफेससोबत तीन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फुकट आली होती. मॅक्सवेलनं त्यातलं सोपं ते निवडलं. बहिणीच्या लग्नासाठी उत्तनच्या नऊ मावश्यांचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. दुसरीसोबत एका माईकवर बसायला एकही तयार नव्हती, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र ट्रॅक दिला. आठ झाल्या आणि पडद्यावर सूचना आली: फुकटात आठच ट्रॅक. “मंग मी लग्नाला येत न्हाय,” म्हणत नवव्या फिलोमिनामावशीनं पर्स उचलली. व्हेरामावशी अकरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हती, पण उसळली तीच: “आमच्या लग्नात कोन गानार ते कंपनी ठरवनार? मॅक्सवेल, माझा आवाज पूस. आनि तू बस गं हितं, माझ्या बाजूला.” दोघी एकाच माईकपुढे खेटून बसल्या आणि गाण्याआधी त्यांनी मिळून कंपनीचा यथेच्छ उद्धार केला. मॅक्सवेलनं रेकॉर्डिंग आधीच सुरू केलं होतं.