मुकी बाजू

"डाव्या बाजूला आवाजच नाही," प्लेअरला जोडलेला हेडफोन चाचपत शैला म्हणाली.

दुकानदाराने दुसरा प्लेअर जोडला, मग तिसरा. डावी बाजू मुकीच. "भंगार माल भरलाय सगळा!" नवरा त्याच्यावर खेकसला. बायकोला बडवलं की दुसऱ्या दिवशी तिला भेटवस्तू घेऊन द्यायची, ही त्याची रीतच होती.

शैलाने हेडफोन उलटा घातला. मघाची मुकी बाजू उजव्या कानात खणखणीत वाजू लागली. डावा कान मात्र ठार बहिरा. काल थोबाडीत बसली होती ती त्याच बाजूला.

"यातला सगळ्यात जड कुठला?" तिने विचारलं.

दुकानदाराने पितळी प्लेअर पुढे केला. तिने तो मुठीत आवळला आणि नवऱ्याच्या डाव्या कानावर सणसणीत हाणला.

प्लेअरवरचं रक्त पदराला पुसत ती म्हणाली, "हाच द्या."