आठ जीबी, बारा जीबी

प्राचार्य साहेब, तीन वर्षं तुम्ही कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं कुलूप काढलं नाहीत आणि माझ्या पोरीला प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी मार्क दिलेत.

काल राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात स्नेहलची नोकरीसाठी मुलाखत झाली. मी मागं स्टुलावर बसलो होतो. मालकांनी दोन ग्राफिक्स कार्डांची नावं सांगून फरक विचारला. पोरगी धडाधड बोलली, "पहिल्याची मेमरी आठ जीबी, दुसऱ्याची बारा. पण पहिल्यात कोअर जास्त, म्हणून कागदावर वेग त्याचाच जास्त."

"भारी की!" म्हणत मालकांनी एक कार्ड तिच्या हातात दिलं. "आता हे ह्या मशीनमध्ये बसवा बघू."

स्नेहलनं ते उलटं केलं, सुलटं केलं. मग हळूच म्हणाली, "सर, ह्याची कुठली बाजू आत जाते?"

मालक चांगला माणूस. हसला नाही. "कळवतो," एवढंच म्हणाला.

मग आम्ही बसनं घरी उचगावला आलो. उतरल्यावर म्हणाली, "आप्पा, मला नेमकं येतंय तरी काय ओ?"

मी फौंड्रीतला कामगार, मला ह्यातलं काय कळतंय? तुम्ही शिकलेली माणसं. बोला, तिला काय सांगू?