कायमची दाढ
पेरू देशातल्या आमच्या डोंगरातल्या शाळेत दातांची डॉक्टरीण आली. दुकानदाराची, मास्तरांची मुलं आधी बसली. मेंढपाळ सातुर्निनाची पाळी येईपर्यंत दाढा भरायचा मसाला एका दाढेपुरताच उरला. तिच्या मुलाचीही दाढ किडली होती, मुलीचीही. "पोराची भरा, पोरीची उपटा," पोराला खुर्चीवर बसवत सातुर्निना म्हणाली. "अहो, त्याची दुधाची आहे, पडेलच. हिची कायमची," डॉक्टरीण म्हणाली. "पोरीला काय करायचेत दात? माझे बघा!" सातुर्निनानं बोळकं उघडून दाखवलं. बाया हसल्या. तिची नेली नावाची मुलगी मात्र वाकून पाहत राहिली. "आई, तुझे कुणी काढले गं?" "माझ्या आईनं. लग्नाआधी. पुढं दातांच्या खर्चाचा नवऱ्याच्या डोक्याला ताप नको म्हणून." "लई दुखलं?" आईनं शाल तोंडावर ओढली. मग पोराला खुर्चीवरून उठवून तिनं नेलीला बसवलं. "आणि माझी?" तो रडवेला झाला. "तुझी नवी येईल रे, राजा. हिची नाही यायची."