एक दळण, एक गाणं

"मोबाइलवर गाणं पुन्हा पुन्हा लाव. आवाज बंद ठेवलास तर ॲपवाले ते ऐकणं धरत नाहीत, आणि गाणं मध्येच तोडायचं नाही," एवढं आईला बजावून मुग्धा बारावीच्या प्रॅक्टिकलला पळाली. तिच्या कोरियन बँडचं नवं गाणं दुपारी अडीचला येणार होतं, आणि पहिल्या दिवशी ते किती वेळा ऐकलं गेलं याचे आकडे फार महत्त्वाचे.

तिच्या आईला, शालनताईंना, ती रंगीत केसांची पाचही पोरं एकाच साच्यातली वाटायची. पण शब्द दिला म्हणजे दिला. गिरणीच्या खडखडाटात गाणं ऐकू यायचं नाही, म्हणून अडीचला त्यांनी आपली पिठाची गिरणीच बंद केली.

"अगं, माझं दळण!" रांगेतल्या काकू करवादल्या.

"आधी गाणं संपू दे."

साडेपाचपर्यंत तसंच चाललं. एक दळण, एक गाणं.

मुग्धा धापा टाकत आली. "ऐकलंस?"

"अठरा वेळा. पण तो घोगऱ्या आवाजाचा कुठे गेला गं? जुन्या गाण्यांत असायचा. आज चौघेच गातायत."

मुग्धाचा चेहरा पडला. "सैन्यात जावं लागलं त्याला. तिकडे सक्तीच असते. दीड वर्ष."

"येईल. तोवर या चौघांना पडू द्यायचं नाही." शालनताईंनी गिरणी पुन्हा बंद केली आणि एकोणिसाव्यांदा गाणं लावलं.