तिसरी घंटा

नाट्यसंस्थेची सूत्रं हाती घेऊन धम्मप्रियाला वर्ष झालं होतं आणि आज पहिला प्रयोग होता. नाटकात चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगार बायका भूमिका करत होत्या. प्रयोगानंतर त्यांना रात्रपाळी गाठायची होती. थिएटर खच्चून भरलं होतं, पण उद्घाटक साहेब तास उलटला तरी आले नव्हते. “थांबा की मॅडम,” विश्वस्त इलाहीबक्षचाचा म्हणाले, “त्यांच्या सहीशिवाय संस्थेला जागा मिळायची न्हाय.” विंगेत बायका घड्याळाकडं बघत होत्या. धम्मप्रियानं स्वतः जाऊन तिसरी घंटा दिली. पडदा वर गेला. चाचा तोंड फिरवून बाहेर गेले. दुसऱ्या प्रवेशात साहेब लवाजम्यासह दारात उभे राहिले. “सुरू केलंत?” त्यांचा आवाज चढला. धम्मप्रिया दाराकडं निघाली. तेवढ्यात चाचांनी शेवटच्या रांगेमागं खुर्ची आणून ठेवली. “बसा साहेब,” ते हळूच म्हणाले, “बोलू नका. बायका काम करतायत.”