काळी, करडी, हिरवी

बाईने स्टीलचा तुकडा उन्हाकडे तिरका धरला, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "हा काळ्या वडीचा ना? मग इथेच थांबा. याला आणखी चमक नको."

बुश्ताच्या कपाळावर आठी उमटली. स्टीलच्या तबकांना आरशासारखी झळाळी द्यावी ती त्यानेच, असं अख्खं फेझ शहर म्हणायचं. आधी बफला, म्हणजे फिरत्या कापडी चाकाला, पॉलिशची काळी वडी लावून ओरखडे काढायचे, मग करडी, शेवटी हिरवी, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण हिरव्या वड्याही बाजारात नाना तऱ्हेच्या मिळतात. त्यातली कोणती घ्यायची आणि कुठल्या कापडाच्या बफवर चालवायची, हे त्याने हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला, जिलालीलाही, कधी सांगितलं नव्हतं. समोरच्या कारखान्यातला अल्लाल त्या वडीच्या मागावर होता. एकदा त्याने बुश्ताच्या कचऱ्यातून वड्यांची वेष्टनं उचलून नेली. तेव्हापासून बुश्ता वेष्टनं घरी नेऊन चुलीत घालत असे.

आणि आता ही बाई. हिला तबक नको, किटली नको. पुस्तकाएवढे तीन सपाट तुकडे हवेत, कडा घासून बोथट केलेले. एक काळ्या वडीवर थांबवलेला, दुसरा करडीवर, तिसरा अगदी शेवटपर्यंत नेलेला. म्हणजे एकेक पायरी सुटी करून कुणाला तरी दाखवायची होती. शिवाय तिने भाव केला नाही. भाव न करणारी बाई बुश्ताने फेझमध्ये पाहिली नव्हती.

"कशाला हवेत हे, लल्ला?" त्याने बाईला अदबीने हाक घालत विचारलं.

"घरात लागतात."

"अर्धवट घासलेला पत्रा? घरात?"

"करून देता, की दुसऱ्या कारागिराकडे जाऊ, मअल्लम?"

त्याने करडीचा तुकडा करून दिला. तो तिने जास्त वेळ निरखला. कधी जवळ धरला, कधी हात लांब करून. "यात नाकडोळे कळतात," ती म्हणाली, "पण बारीकसारीक काही दिसत नाही. बरोबर आहे." मग दोन्ही तुकडे तिने टॉवेलात गुंडाळले. "तिसरा करून तुमच्याकडेच ठेवा. वेळ आली की कुणीतरी न्यायला येईल."

"कोण येईल?"

"येईल तेव्हा कळेलच."

ती गेली तसा जिलाली हसायला लागला. "दाजी, दारात मांजर आलं तरी तुम्हाला ते अल्लालनेच पाठवलंय असं वाटतं."

"मांजर वड्यांची चौकशी करत नाही," बुश्ता म्हणाला.

तिसरा तुकडा त्याने त्याच दुपारी केला आणि मुद्दाम बिघडवला. बाजारातली साधी हिरवी वडी घेतली, तीही काळ्या वडीचे कण अडकलेल्या जुन्या बफवर चालवली. पत्र्यावर धुकं धरल्यासारखं झालं. न्या म्हणावं आता, काय शिकायचं ते शिका याच्यावरून. त्याचा जीव गार झाला. पुढे एकदा ती बाई अल्लालच्या दारावरून जाताना दिसली. ती थांबली नाही, आत डोकावलीही नाही. पण बुश्ताला तेवढं पुरलं.

रमजान सरला, ईद झाली. एका सकाळी दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. फक्त डोळे उघडे, बाकी चेहऱ्यावर ओढणी.

"आईने इथे एक पत्रा ठेवलाय. तिसरा."

बुश्ताने तो खुशीने काढून दिला. मुलीने तो उजेडात धरला, बाहीने पुसला, पुन्हा धरला.

"हा तर दुसऱ्याइतकाही स्वच्छ नाही," ती म्हणाली.

"तुला बरं कळतं गं त्यातलं. कुणी पढवून पाठवलं? अल्लालला सांग, वडी बघायची असेल तर स्वतः ये म्हणावं."

"कोण अल्लाल?"

मुलगी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने ओढणी खाली ओढली. हनुवटीपासून डोळ्याखालपर्यंत एका बाजूची कातडी जळून आक्रसली होती. ओठाचा कोपरा वर ओढला गेला होता.

"स्वयंपाकघरात गॅसची टाकी फुटली," ती म्हणाली. "इस्पितळातून आले आणि घरातले सगळे आरसे मी फोडून टाकले. म्हणून आईने न फुटणारे आणले. पहिल्यात चेहरा आहे एवढंच कळायचं. त्याची सवय झाली, मग तिने दुसरा दिला. आता मला सगळं बघायचंय. मीच म्हटलं आईला, तू नको, मी जाते."

जिलालीने हातातली कात्री हलकेच खाली ठेवली.

बुश्ताने तिच्या हातातून तुकडा परत घेतला. "बस पोरी," तो म्हणाला. "हा झालेला नाही अजून. माझ्याकडूनच राहिलाय."

त्याने कोरा बफ चढवला. कुलपातली वडी काढली आणि जिलालीच्या देखत चालवली. दार लोटून घ्यायचंही त्याला सुचलं नाही. आयुष्यात एवढ्या हळुवार हाताने त्याने तबक घासलं नव्हतं. धुकं गेलं, मग बारीक रेघा गेल्या, मग पत्र्यात छताची तुळई न् तुळई उतरली. त्याने तुकडा मऊ फडक्याने पुसला आणि तिच्यापुढे पालथा धरला.

तिने तो घेतला, दारातल्या उजेडात गेली आणि स्वतःच उलटा केला. बराच वेळ ती हलली नाही. बुश्ताला तिची फक्त पाठ दिसत होती.

मग ती हळूच म्हणाली, "मीच आहे ही."