नुसतं गरम करायचं

हॉटेलच्या मालकीणबाई आणि मुख्य आचारी यांचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. मागच्या नाताळात सूप गार झालं, म्हणून बाईंनी भरल्या हॉलमध्ये, गिऱ्हाइकांसमोर त्याचा पाणउतारा केला होता. यंदा बाईंना बोट ठेवायला जागाच द्यायची नाही, असा त्याने चंग बांधला. महिनाभर आधीच सुकामेवा रममध्ये मुरत घातला. केक भाजून कागदात गुंडाळले, बदकं भाजून ठेवली, सॉस गोठवले आणि कुठला पदार्थ किती वेळ तापवायचा, तेही डब्याडब्यावर चिकटवलं.

नाताळच्या आदल्या दुपारी बाईंनी एकेक डबा उघडून पाहिला, बोटाने चाखला. नाक मुरडायला काही म्हणजे काही सापडेना.

"म्हणजे उद्या नुसतं गरम करून वाढायचं?" त्यांनी विचारलं.

"नुसतं गरम!" आचाऱ्याची छाती फुगली. "त्यात काय, शेंबडं पोरही करेल, बाई."

बाई एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या.



"मग उद्यापासून तू नाही आलास तरी चालेल."